ब्लड कॅन्सरच्या पेशंटचं तोंड कसं सांभाळायचं? मशेरी बंद, चूळ चालू अन् ताप आला तर सकाळची वाट नाही

ब्लड कॅन्सरचं निदान झालं की घरातल्या सगळ्यांचं लक्ष रिपोर्टवर, पैशाच्या जुळवाजुळवीवर आणि मुंबईच्या फेऱ्यांवर जातं. पेशंटच्या तोंडात काय चाललंय हे सहसा कोणी बघत नाही. केमो सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले की पेशंट जेवण टाकतो, पाण्याचा घोटसुद्धा नको म्हणतो. मग घरातलं मोठं माणूस म्हणतं, 'उष्णता झाली असंल, तोंड आलंय.' तूप-साखर चाटवली जाते, कोणी हळद लावतं, कोणी तुरटीच्या गुळण्या सांगतं.

पण केमो चालू असताना तोंड येणं ही उष्णता नव्हे. तोंडात फुटलेला फोड हा या पेशंटसाठी जंतू रक्तात शिरायचा रस्ता असतो. अशा पेशंटचा जीव कधी कॅन्सरपेक्षा जंतूसंसर्गानं जास्त धोक्यात येतो. हा रस्ता बंद ठेवण्याचं बरंचसं काम डॉक्टर नाही, तर घरातला माणूसच करू शकतो. त्याला लागतं काय? एक मऊ ब्रश, मीठ, खाण्याचा सोडा, उकळलेलं पाणी आणि थर्मामीटर.

तोंडच का येतं?

केमोची औषधं झपाट्यानं वाढणाऱ्या पेशी मारतात. कॅन्सरच्या पेशी झपाट्यानं वाढतात म्हणून त्या मरतात. पण गालाची आतली बाजू, जिभेची कड, ओठाची आतली बाजू, घसा इथलं नाजूक अस्तरही दर एक-दोन आठवड्यांनी नवं होत असतं. तणावर मारलेलं औषध वाऱ्यानं शेजारच्या कोवळ्या पिकावर जावं तसं ते इथंही लागतं. जुनं अस्तर झिजतं, नवं यायला वेळ लागतो, मधल्या काळात आतलं मांस उघडं पडतं.

त्याच दिवसांत पांढऱ्या पेशीही तळाला गेलेल्या असतात. म्हणजे कुंपण मोडलेलं आणि राखणदारही गैरहजर. तोंडात निरोगी माणसाच्याही कोट्यवधी जंतू असतात, एरवी ते काही करत नाहीत. अशा वेळी मात्र तेच जंतू उघड्या जखमेतून रक्तात उतरतात.

केमो सुरू झाल्यापासून साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात जळजळ सुरू होते, दुसऱ्या आठवड्यात त्रास शिगेला जातो आणि पांढऱ्या पेशी वाढू लागल्या की तोंडही भरून येतं. सगळं मिळून दोन ते चार आठवडे. प्रत्येकाला होतंच असं नाही. औषध कोणतं आणि डोस किती यावर ते ठरतं.

काही वेळा उलटंही घडतं. आजाराची पहिली खूण तोंडातच दिसते. ल्युकेमियाच्या काही प्रकारांत हिरड्या सुजून दातांवर चढतात, ब्रश न लावताही रक्त येतं, फोड आठवडे गेले तरी भरत नाही. त्यासोबत थकवा, वारंवार ताप, अंगावर काळे-निळे डाग असतील तर दाढदुखीची गोळी घेत बसण्यापेक्षा एक सीबीसी करून घ्यावं. ही साधी रक्ततपासणी तालुक्याच्या लॅबमध्येही होते.

आधी दात, मग केमो

पेरणीआधी रान साफ करतात, तसं उपचाराआधी तोंड. किडलेली दाढ, हलणारा दात, हिरडीतला पू, दातावर साचलेलं कीटण हे सगळं केमोच्या आधी दंतवैद्याला दाखवायचं. आज न दुखणारी कीडही पेशी कमी झाल्यावर उसळते. ट्रान्सप्लांट करणारी मोठी रुग्णालयं तर दातांची तपासणी केल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. नातेवाइकांना तो वेळेचा अपव्यय वाटतो, पण तसा तो नाही.

दाढ काढायची असेल तर जखम भरायला १० ते १४ दिवस हातात असावे लागतात. तीव्र ल्युकेमियात एवढी सवड नसते, केमो लगेच सुरू करावी लागते. तेव्हा काय काढायचं आणि काय नंतरसाठी ठेवायचं हे कॅन्सरचे डॉक्टर आणि दंतवैद्य एकमेकांशी बोलून ठरवतात. म्हणून केमो चालू असताना गावातल्या दवाखान्यात परस्पर दाढ काढून घेणं हा मोठा धोका आहे. प्लेटलेट कमी असतील तर रक्त थांबत नाही, पांढऱ्या पेशी कमी असतील तर जखम सडते. दंतवैद्याला पहिलं वाक्य हेच सांगायचं की केमो चालू आहे, आणि ताजा रक्ताचा रिपोर्ट समोर ठेवायचा.

खर्चाचा प्रश्न असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालयही आहे. उपचारासाठी मुंबईत मुक्काम असेल तर हे काम तिथेच उरकून घेता येतं.

मशेरीचं काय?

इथं खरी अडचण आहे. गावाकडे अनेक बायाबापड्या सकाळी मशेरीनं दात घासतात. तव्यावर भाजलेली तंबाखूच ती. पन्नास वर्षांची सवय असते, लावली नाही तर पोट साफ होत नाही असं वाटतं. त्यामुळे दवाखान्यात 'तंबाखू खाता का' असं विचारलं की आजी नाही म्हणतात, आणि ते त्यांच्या दृष्टीनं खरंच असतं. मशेरी म्हणजे दात घासणं, तंबाखू खाणं नव्हे, असा हिशेब. डॉक्टरांच्या कागदावर 'व्यसन नाही' असं लिहिलं जातं आणि पिशवीत मशेरीची डबी तशीच राहते. म्हणून सोबत गेलेल्या मुलानं किंवा सुनेनं हे स्वतःहून सांगावं.

केमोच्या काळात मशेरी का चालत नाही? एक तर तंबाखू आणि तिचा खरबरीतपणा हिरडीला सोलतो. दुसरं, डबीत रोज तेच ओलं बोट जातं. तिसरं, तंबाखूनं जखम भरायला उशीर होतो. हीच गोष्ट राखुंडीची, कोळशाच्या भुकटीची आणि विटकरीच्या चुऱ्याची. कडुलिंबाची किंवा बाभळीची काडी एरवी चांगली असेल, पण तिचे धागे हिरडीत घुसतात आणि झाडावरची धूळ, बुरशी तोंडात येते. काऊंट कमी असताना ती नको.

गुटखा, मावा, सुपारी, तंबाखू-चुना यांच्याबद्दल वेगळं सांगायला नको. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. टपरीवर काय मिळतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पेशंटला भेटायला येणाऱ्यानं त्याच्यासमोर पुडी फोडू नये एवढं तरी पाळावं. एकाएकी सोडल्यानं चिडचिड, झोप न लागणं असा त्रास होतो. तो डॉक्टरांना सांगितला तर त्यावरही मदत मिळते, लाजायचं कारण नाही.

काडेपेटीच्या काडीनं, सेफ्टी पिननं किंवा काट्यानं दात कोरणंही बंद. दातात अडकलं तर चूळ भरावी.

ब्रश कसा, चूळ कशी

ब्रश सगळ्यात मऊ घ्यायचा. मेडिकलमध्ये 'अल्ट्रा सॉफ्ट' किंवा लहान मुलांचा मागितला तरी चालतो. वापरण्याआधी अर्धा मिनिट कोमट पाण्यात बुडवला की केस आणखी मऊ होतात. सकाळी आणि रात्री झोपताना, जमलं तर जेवणानंतरही, हलक्या हातानं फिरवायचा. पेस्ट फ्लोराइडवाली पण तिखट न लागणारी. पुदिन्याची झणझणीत पेस्ट झोंबत असेल तर मुलांची पेस्ट वापरावी, तीही नको वाटली तर नुसत्या पाण्यानं ब्रश करावा. ब्रश झाल्यावर धुऊन उभा ठेवायचा आणि वाळू द्यायचा. न्हाणीघराच्या ओल्या कोनाड्यात, घरातल्या चार ब्रशांबरोबर एकाच पेल्यात नको. तोंडात बुरशी किंवा संसर्ग होऊन बरा झाला की ब्रश बदलायचा.

'रक्त येतंय म्हणून ब्रशच बंद केला' असं बऱ्याच घरांत होतं. त्यानं कीटण साचतं, हिरडी आणखी सुजते आणि रक्त वाढतं. डॉक्टरांनी बंद करा म्हटलं तरच बंद. तोपर्यंत ब्रशऐवजी स्वच्छ गॉज पट्टी ओली करून बोटाला गुंडाळायची आणि दात-हिरड्या अलगद पुसायच्या.

आता चूळ. या सगळ्यात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची गोष्ट हीच. उकळून कोमट केलेल्या एक पेला पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ घालायचं. चमचा चहाचा. सोडा खाण्याचाच, भजी-ढोकळ्यात घालतात तो. कपडे धुण्याचा सोडा दिसायला सारखा असतो पण तो तोंड भाजतो. पुड्या एकाच फळीवर असतील तर आधी वेगळ्या ठेवा. घोट तोंडात घेऊन अर्धा मिनिट गालात हळू फिरवायचा आणि थुंकायचा, गिळायचा नाही. नंतर साध्या उकळलेल्या पाण्यानं एकदा तोंड धुवायचं. जेवणानंतर, झोपण्याआधी आणि मधेमधे मिळून दिवसातून चार-सहा वेळा. तोंड आलेलं असेल तर जागेपणी दर दोन तासांनी. पाणी रोज ताजं करायचं, कालचं उरलेलं नको. ब्लडप्रेशरमुळे मीठ बंद असेल तर डॉक्टरांना विचारून नुसत्या सोड्याचं करता येतं.

ही चूळ फोड येऊच देणार नाही असं नाही. पण ती तोंड ओलं ठेवते, चिकट थुंकी आणि अन्नाचे कण काढते, आंबटपणा कमी करते आणि झोंबत नाही. जाहिरातीतल्या रंगीत माउथवॉशमध्ये बऱ्याचदा अल्कोहोल असतं, ते उघड्या जखमेवर आग करतं आणि तोंड कोरडं पाडतं. महागडं आहे म्हणून चांगलं असं इथं नाही.

डॉक्टरांनी औषधी माउथवॉश दिला असेल तर तो त्यांच्या सांगण्याप्रमाणेच. एक बारीक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश आणि बुरशीसाठीचं निस्टॅटिन हे एकामागोमाग एक घेतलं तर निस्टॅटिनचा असर जातो. दोन्ही दिलेली असतील तर मधे किती वेळ सोडायचा ते विचारून घ्या.

कवळी असेल तर ती रोज ब्रशनं घासायची, रात्री काढून ठेवायची. तोंड आलेलं असताना जेवण्यापुरतीच घालायची, टोचत असेल तर तीही नाही. बुरशीचं औषध तोंडात घेताना कवळी आधी काढायची, नाहीतर तिच्याखालची बुरशी तशीच राहते.

रिपोर्टमधले दोन आकडे

सीबीसीचा कागद हातात आला की दोन गोष्टी घरच्यांना वाचता आल्या पाहिजेत.

पहिली प्लेटलेट. निरोगी माणसाला दीड लाख ते साडेचार लाख. ५० हजारांच्या खाली दाढ काढण्यासारखं काम सहसा करत नाहीत. २० हजारांच्या खाली गेल्या की हिरडीतून आपोआप रक्त झिरपू शकतं, सकाळी उशीवर डाग दिसतो.

दुसरी न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. रिपोर्टवर त्यांची टक्केवारी असते, पण खरा आकडा गुणाकार करून काढावा लागतो. समजा एकूण पांढऱ्या पेशी १२०० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के. १२०० चे ३० टक्के म्हणजे ३६०. हा आकडा १५०० च्या वर असेल तर ठीक. ५०० च्या खाली म्हणजे धोक्याचा काळ. या दिवसांत तोंडाची काळजी दुप्पट, गर्दी बंद, आणि दंतवैद्याकडचं कुठलंही काम कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

हिरडीतून रक्त येऊ लागलं तर गार पाण्यानं भिजवलेली गॉज घडी करून त्या जागेवर दाबून धरायची. सारखं उचलून बघायचं नाही, गुठळी निघते. १०-१५ मिनिटांत थांबलं नाही तर दवाखाना.

तोंड आलं तर

रोज सकाळी उजेडात, मोबाईलच्या बॅटरीनं, पेशंटचं तोंड बघायचं. गालाची आतली बाजू, जिभेखाली, टाळू, ओठ. लालसर चट्टे, फोड, पांढरा थर, रक्त. पांढरा दह्यासारखा थर असेल, तर ती बहुतेक बुरशी, तिला औषध आहे. ओठावर किंवा टाळूवर बारीक पाण्याच्या फोडांचा पुंजका असेल तर विषाणूचा त्रास असू शकतो, त्याचं औषध वेगळं. घरी ओळखण्याचा हट्ट नको, फोटो काढून डॉक्टरांना पाठवला तरी पुष्कळ.

फोनवर 'तोंड खूप आलंय' एवढंच सांगितलं तर पलीकडच्याला अंदाज येत नाही. डॉक्टर हे खाण्यावरून मोजतात. नुसती जळजळ आहे की फोड आलेत? फोड आहेत पण भात-भाकरी जाते? फक्त पातळ जातं? की पाणीही जात नाही? यातलं कोणतं ते नेमकं सांगा. फक्त पातळ जात असेल तर त्याच दिवशी कळवायचं. पाणीही जात नसेल तर भरती व्हावं लागतं, सलाईन आणि दुखण्याची जोरदार औषधं लागतात.

दुखतंय म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन असल्या गोळ्या आणायच्या नाहीत. त्या रक्त गोठू देत नाहीत, आणि पेशंटच्या प्लेटलेट आधीच कमी असतात. कॉम्बिफ्लॅमसारख्या रोजच्या गोळीतही आयबुप्रोफेन असतं. लवंगाचं तेल, चुना, तुरटी, तंबाखूची गोळी दाढेत धरणं यातलं काहीच उघड्या जखमेवर लावायचं नाही. पोळ्याचा ताजा मधसुद्धा नको, काऊंट कमी असताना कच्च्या मधातून जंतू जाऊ शकतात. डॉक्टर जिभेवर, गालावर लावायला बधिर करणारी जेल देतात. ती लावून थोड्या वेळानं जेवलं की घास जातो. मात्र बधिर तोंडात गरम काय आणि दाताखाली गाल आला काय, कळत नाही, तेवढं सांभाळायचं.

ओठ फुटतात. व्हॅसलीन लावावं, पण घरातल्या सगळ्यांची बोटं गेलेल्या डबीतलं नको. पेशंटसाठी वेगळी छोटी ट्यूब.

लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या पेशंटच्या घरात आणखी एक गोष्ट नीट बघावी लागते. लांब चालणाऱ्या गोळ्यांच्या कोर्समध्ये एक गोळी रोजची असते आणि मेथोट्रेक्सेट ही साधारणपणे आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. गैरसमजानं ती रोज दिली गेली तर तोंड सोलून निघतं, पेशी कोसळतात आणि जीवावर बेततं. वार ठरवून घ्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या वाराला खूण करा. घरातल्या एकाच माणसानं गोळ्या द्याव्यात. मधेच अचानक तोंड आलं तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन.

खायला काय द्यायचं

गुरगुट्या भात आणि साधं वरण, ज्वारीच्या कण्यांची पेज, नाचणीचं सत्त्व, मुगाची पातळ खिचडी, पूर्ण उकडलेलं अंडं कुस्करून, शिजवलेला दुधी-भोपळा, पिकलेलं केळं, दुधात भिजवून मऊ केलेली पोळी. सगळं ताजं, पूर्ण शिजलेलं आणि कोमट. चहासुद्धा निवू द्यायचा. घास गिळवत नसेल तर थोडं थोडं, दर दोन तासांनी. दही-ताकाबद्दल रुग्णालयांचे नियम वेगवेगळे आहेत, आपल्या डॉक्टरांचं ऐकावं.

ठेचा, झणझणीत रस्सा, लोणचं, लिंबू, चिंच, आवळा हे झोंबतं. फरसाण, भाजलेले शेंगदाणे, कडक भाकरीचा पापुद्रा, चुरमुरे हे टोचतं. मोसमात पाहुणे हुरडा घेऊन येतात, ऊस आणतात. दातानं ऊस सोलणं या पेशंटला अजिबात नाही. ओठ, हिरडी दोन्ही कापलं जातं आणि शेतातली माती थेट तोंडात जाते. शेतात उभ्या उभ्या हरभऱ्याचे घाटे किंवा गवताची काडी चघळायची सवयही तशीच.

पाणी बोअरचं असो की नळाचं, पिण्याचं आणि चूळ भरण्याचं दोन्ही उकळून गार केलेलं.

ताप आला तर

थर्मामीटर घरात असायलाच हवा. तोंड आलेलं असेल तर तो काखेत लावायचा. काखेत आकडा थोडा कमी दिसतो हे धरून चालायचं. १००.४ म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा त्यावर ताप ही अशा पेशंटसाठी इमर्जन्सी आहे. काखेत १०० दिसला, थंडी वाजून आली, तरी फोन करायचा. फोन करण्याआधी पॅरासिटामॉल द्यायचं नाही. ताप उतरलेला दिसतो, पण जंतू आत वाढतच असतात आणि डॉक्टरांना अंदाज येत नाही.

रात्रीचे दोन वाजलेत, एसटी नाही, सकाळी बघू, हे इथं चालत नाही. पेशी कमी असताना अशा तापात रुग्णालयात पोचल्यावर पहिल्या तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू करावं, असा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. मुंबई लांब आहे म्हणून थेट तिकडे निघण्यापेक्षा १०८ ला फोन करून जवळच्या मोठ्या रुग्णालयात पोचायचं आणि तिथल्या डॉक्टरांना आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांशी फोनवर बोलायला लावायचं. सांगायचं वाक्य पाठ असू द्या: 'ब्लड कॅन्सर आहे, अमुक तारखेला केमो झाली, पेशी कमी आहेत, ताप आहे.' नुसतं 'ताप आलाय' म्हटलं तर रांगेत बसवतील. फाईल, शेवटचा रिपोर्ट आणि औषधांची चिठ्ठी एका पिशवीत, दाराजवळ.

ट्रान्सप्लांटच्या वेळी

मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ साली बोन मॅरो ट्रान्सप्लांटला सुरुवात झाली. आता त्यांचं हे काम नवी मुंबईत खारघरच्या अॅक्ट्रेक केंद्रात चालतं. ट्रान्सप्लांटला लोक ऑपरेशन समजतात. पेशंटच्या बाजूनं ते ऑपरेशन नसतं. आधी फार मोठ्या डोसची केमो, कधी सोबत रेडिएशन देऊन जुना मगज रिकामा करतात आणि मग स्टेम सेल रक्तासारख्या शिरेतून चढवतात. या मोठ्या डोसमुळे तोंडाला सगळ्यात जास्त मार बसतो. पेशी चढवल्यानंतरचे दहा-पंधरा दिवस सगळ्यात वाईट. स्वतःच्या पेशी असतील तर साधारण १० ते १४ दिवसांत नव्या पेशी दिसू लागतात, दुसऱ्याच्या असतील तर दोन ते चार आठवडे लागतात.

मायलोमाच्या पेशंटला या वेळी मेल्फलान नावाचं औषध देतात. ते देताना, थोडं आधी आणि नंतरही, तोंडात बर्फाचे खडे चघळायला सांगतात. ऐकायला घरगुती वाटतं, पण जगभरात मान्य असलेला उपाय आहे. गारठ्यानं तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथं कमी पोचतं, आणि हे औषध रक्तातून लवकर कमी होत असल्यानं तेवढा वेळ पुरतो. 'सर्दी होईल' म्हणून नातेवाईक पेशंटला बर्फ टाकायला लावतात, तसं करू नये. दात शिवशिवतात, तोंड बधिर होतं, तरी नर्स सांगतील तितका वेळ बर्फ तोंडात राहायला हवा. बर्फ रुग्णालयाचाच, गोळेवाल्याचा नाही. काही मोठ्या केंद्रांत तोंडात हलक्या लेझरचा प्रकाशही देतात, त्यानंही फोड कमी येतात.

मायलोमाच्याच पेशंटला हाडांसाठी झोलेड्रोनिक अॅसिडचं इंजेक्शन देतात. ते चालू असताना दाढ काढली तर काहींच्या जबड्याचं हाड उघडं पडतं आणि महिनोन् महिने भरत नाही. म्हणून पहिल्या इंजेक्शनआधी दात तपासून घ्यायचे, आणि नंतर कधीही दंतवैद्याकडे गेलं तर हे इंजेक्शन घेतल्याचं सांगायचं, मग ते दोन वर्षांपूर्वीचं का असेना.

लहान मुलांत हलणारे दुधाचे दात आधीच काढायचे की नाही ते डॉक्टर बघतात, दातांच्या तारा काढून ठेवतात. अगदी लहान वयात केमो झाली तर पुढचे दात लहान किंवा कमकुवत येऊ शकतात, म्हणून त्यांची तपासणी मोठेपणापर्यंत चालू ठेवावी.

घरी परतल्यावर

भावाबहिणीच्या किंवा इतर दात्याच्या पेशी घेतलेल्या पेशंटचं तोंड काही महिन्यांनी पुन्हा त्रास देऊ शकतं. दात्याच्या पेशी पेशंटच्या शरीराला परकं समजून त्यावर हल्ला करतात, डॉक्टर त्याला जीव्हीएचडी म्हणतात. गालाच्या आत पांढऱ्या जाळीदार रेषा, साधी भाजीही तिखट लागणं, तोंड कोरडं, तोंड पूर्वीइतकं न उघडणं ही त्याची लक्षणं. कॅन्सर बरा झाला, आता कशाला मुंबई, असं म्हणून लोक अंगावर काढतात. यावर स्टिरॉइडची चूळ आणि इतर औषधं आहेत. ती चूळ सांगितलेला वेळ तोंडात धरून थुंकायची आणि नंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही.

लाळ कमी झाली की दात भराभर किडतात. पाण्याची बाटली जवळ, घोट घोट पाणी, साखरेच्या गोळ्या चघळणं बंद आणि दंतवैद्यानं सांगितलेलं फ्लोराइड चालू.

दात्याच्या पेशी घेतलेल्यांना पुढे अनेक वर्षांनीसुद्धा तोंडाचा कॅन्सर होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. त्यात मशेरी किंवा सुपारी परत सुरू झाली तर ती आणखी वाढते. म्हणून दर सहा महिन्यांनी तोंड दाखवायचं, दात दुखत नसले तरी. दोन-तीन आठवड्यांत न भरलेला फोड, पांढरा किंवा लाल चट्टा, गालातली गाठ दिसली तर सहा महिने थांबायचं नाही. घरी बघताना जीभ वर करून तिच्याखालची जागा आणि जिभेच्या दोन्ही कडा बघायला विसरू नये. जीभ गॉजनं धरून बाजूला ओढली की कड शेवटपर्यंत दिसते.